‘पात्या गळून रायल्या’ : यंत्राला काय समजते?

शेतकऱ्याने आपल्या बोलीत विचारावे आणि संगणकाने उत्तर द्यावे, अशा सोयी आता येत आहेत. ‘इतक्या भाषांत उपलब्ध’ हा आकडा त्यांच्या जाहिरातीत ठळक असतो. तेवढे पुरेसे आहे का, ते तपासून पाहू.

विषय लहान असला की यंत्राचे काम सोपे होते. १९७१ मध्ये अमेरिकेत विल्यम वुड्स आणि सहकाऱ्यांनी ‘ल्यूनार’ ही प्रणाली दाखवली. चंद्रावरून आणलेल्या दगडांच्या पृथक्करणाविषयी भूवैज्ञानिकांनी तिला साध्या इंग्रजीत प्रश्न विचारले. सुमारे ७८ टक्के प्रश्नांना नीट उत्तरे मिळाली. विषय एकच होता, आणि विचारणाऱ्यांचे शब्द माहितीसाठ्यातल्या शब्दांशी जुळत होते. आपल्याकडे २०२३ मध्ये ‘किसान ई-मित्र’ सुरू झाला, तोही पीएम-किसान योजनेपुरता. ही मर्यादा म्हणजे शहाणपणच.

पिकाचा प्रश्न मात्र अवघड असतो. अकोला-अमरावतीकडचा शेतकरी विचारेल, “पराटीच्या पात्या गळून रायल्या, काय करू?” पराटी म्हणजे कपाशी आणि पात्या म्हणजे तिच्या न उमललेल्या कळ्या. केवळ पुस्तकी मराठीवर तयार झालेले यंत्र ‘पात्या’ म्हणजे पाने असे समजू शकते.

शब्द कळला तरी काम संपत नाही. पाती पाण्याच्या ताणाने गळते, पाणी साचल्याने गळते, ढगाळ हवेने गळते आणि किडीनेही गळते. कीडनाशकाचा उपयोग फक्त शेवटच्या कारणाला! म्हणून जाणता कृषी सहायक आधी उलट विचारतो : गळालेल्या पातीला छिद्र आहे का? शेतात पाणी साचले होते का? जे यंत्र असे न विचारता थेट औषधाचे नाव सांगते, त्याची रचनाच सदोष म्हटली पाहिजे, मग त्याची मराठी कितीही गोड असो.

हा दोष किरकोळ नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली. तो काही यंत्राचा सल्ला नव्हता. पण अनावश्यक फवारणी टाळणे किती मोलाचे, हे त्यातून कळते. ‘हे मला सांगता येत नाही, कृषी सहायकांना विचारा’ असे म्हणणारे यंत्र अधिक उपयोगी.

वर्गात एक प्रयोग करता येईल. मुलांना घरून पराटी, पाती, डोमकळी, बोंड असे शब्द अर्थांसह आणायला सांगा. मग एकच प्रश्न प्रमाण मराठीत आणि वऱ्हाडीत अशा यंत्राला विचारा. दोन्ही उत्तरे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि यंत्राने उलट प्रश्न विचारला का, तेही नोंदवा.