हे राजे कुठल्या संस्थानचे?

पुण्यात पाहुणे आले की यजमानाला तीन गोष्टी कराव्या लागतात. बाकरवडी आणावी लागते, सारसबागेतल्या गणपतीला न्यावं लागतं, आणि तिसऱ्या दिवशी पाहुण्यांच्या मुलांनी टीव्हीचा रिमोट ताब्यात घेतला की "चला, केळकर म्युझियम बघून येऊ," असं म्हणावं लागतं.

शुक्रवार पेठेत पोचल्यावर पाहुणा पाटी वाचतो, 'राजा दिनकर केळकर संग्रहालय', आणि हमखास विचारतो, "हे राजे कुठल्या संस्थानचे हो?"

त्यात त्याचं काही चुकत नाही. आपल्याकडे वस्तू जमवायचा शौक राजे-सरदारांनाच परवडायचा. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयामागे निजामाच्या दिवाणांची तिजोरी होती, बडोद्याच्या संग्रहालयामागे सयाजीराव महाराज होते. इथे मागे होतं एक चष्म्यांचं दुकान! दिनकर गंगाधर केळकर (१८९६ ते १९९०) हे दुकान बघायचे, 'अज्ञातवासी' या नावाने कविता करायचे, आणि १९२०च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तूंचं जे वेड लागलं ते शेवटपर्यंत उतरलं नाही. पत्नी कमलाबाईंचीही त्यांना साथ होती. ज्या घरात नवऱ्याने एक जुना पंखा आणला तरी तीन दिवस अबोला असतो, त्या घरातल्या वाचकांनी या वाक्याशी क्षणभर थांबावं.

आणि 'राजा' म्हणाल, तर ते त्यांच्या मुलाचं नाव. तो लहानपणीच गेला. बापाने संग्रहाला त्याचं नाव दिलं. एवढं सांगितलं की पाहुणा गप्प होतो आणि मुकाट्याने तिकिटाचे पैसे स्वतः देतो.

आता आम्ही पडलो बँकेतले कारकून. कुठलाही संग्रह आम्ही आधी ताळेबंदासारखा वाचतो. वस्तू वीस हजारांच्या वर, मांडलेल्या साधारण अडीच हजार. म्हणजे रुपयातले साडेबारा पैसे काउंटरवर आणि बाकी तिजोरीत. कोणी म्हणेल, फारच कमी. पण आमच्या शाखेतही सगळी रोकड काउंटरवर मांडून ठेवत नाहीत, आणि खरं सांगायचं तर अडीच हजार वस्तू बघतानाच गुडघे बोलायला लागतात.

बहुतेकांचे पाय प्रथम वळतात ते मस्तानी महालाकडे. कोथरूडच्या महालाचे अवशेष आणून तो इथे पुन्हा उभा केलेला आहे. झुंबरं आहेत, इतिहास आहे, शिवाय बाजीराव-मस्तानी म्हटल्यावर सिनेमा बघितलेल्या प्रत्येकाला आपण इतिहासकार झाल्यासारखं वाटतं. महाल चांगलाच आहे. पण माझं मत विचाराल तर या संग्रहालयाचा जीव तिथे नाही. तो आहे अडकित्त्यांत, दिव्यांत, पानाच्या डब्यांत, कुलुपांत आणि वज्रीत.

अडकित्ता करायचा कशासाठी? सुपारी कातरायला. दोन पाती आणि एक खीळ, काम भागलं. पण कारागिराला तेवढ्याने चैन नाही. तो त्याचा पोपट करणार, मोर करणार, घोडा करणार. वज्री म्हणजे तर न्हाणीघरात टाचा घासायची वस्तू. तिलाही वर मूठ म्हणून पाखरू बसवलेलं! जिथे कोणी बघणार नाही तिथेसुद्धा वस्तू सुंदर असावी असं मानणारी माणसं इथे होती. त्यांतल्या एकाचंही नाव आपल्याला माहीत नाही. 'अज्ञातवासी' नावाच्या कवीने अज्ञात माणसांचं काम जपलं, हा योगायोग मला फार आवडतो.

माझी तक्रार आहे ती एकूणच संग्रहालयांबद्दल, म्हणजे काच आणि चिठ्ठी यांच्याबद्दल. काच हवीच, नाहीतर पाहुण्यांची मुलं आहेतच. पण हाताने वापरायची वस्तू काचेआड गेली की मुकी होते. आणि चिठ्ठीवर असतं काय? नाव, धातू, प्रांत, शतक. हे म्हणजे आमच्या पासबुकासारखं झालं. रक्कम कळते, पैसे लग्नासाठी काढले की दवाखान्यासाठी, ते कळत नाही.

गेल्या खेपेला मी आमच्या मावशीला नेलं होतं. वय वर्षं ब्याऐंशी. महालासमोर तिने जांभई दिली. वज्रीच्या कपाटाशी मात्र थबकली.

"अगंबाई! ही आमच्या आजेसासूबाईंकडे होती."

"अशीच?"

"अश्शीच. आतून पोकळ, पोटात खडे. टाचा घासायला लागल्या की खुळखुळायची. ती खुळखुळ ऐकू आली की आम्ही जावाजावा स्वयंपाकघरात मोठ्याने बोलून घ्यायचो. थांबली की गप्प."

"मग ती कुठे गेली?"

"मोडीत दिली. स्टीलचा डबा आला तिच्यावर."

हे कुठल्या चिठ्ठीवर मावणार सांगा! आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की केळकरांची स्पर्धा सालारजंगांशी कधी नव्हतीच. ती होती दारोदार फिरणाऱ्या मोडवाल्याशी. दोघंही त्याच माजघरांत जात होते, तीच अडगळ मागत होते. मोडवाल्याकडे तराजू होता आणि बदल्यात चकचकीत भांडं. केळकरांच्या हाताला जे लागलं ते वाचलं. जे नाही लागलं त्याचे आपल्याकडे डबे आहेत.

हा सगळा संग्रह त्यांनी पुढे महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला, म्हणजे पर्यायाने तुमच्या-आमच्या. आमच्याकडे ठेव ठेवणाऱ्याला आम्ही विचारतो, "नॉमिनी कोण?" मुलाच्या नावाने मांडलेल्या या ठेवीवर नॉमिनी म्हणून आपलं नाव लागलं आहे. आणि बँकेतला अनुभव असा की ठेव बुडण्यापेक्षा नॉमिनी फिरकतच नाही असं जास्त वेळा होतं.

तेव्हा पाहुण्यांची वाट न बघता एकदा जाऊन या. जाताना घरातलं ऐंशीच्या आसपासचं कुणीतरी बरोबर घ्या. ते जिथे थांबतील तिथे थांबा, घाई करू नका, आणि ते काय म्हणतात ते वहीत लिहून घ्या. चिठ्ठ्या लिहिणारे पुष्कळ मिळतील. खुळखुळ ऐकलेली माणसं आता फार उरलेली नाहीत.