न सापडलेली टेस्ट आणि हिरवा निकाल

ताडोब्यात बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर मचाणावर बसून प्राणी मोजतात, हे चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला वेगळं सांगायला नको. जो पाण्यावर आला तो वहीत आला. जो आला नाही तो जंगलातच नाही, असं मात्र कोणी म्हणत नाही. पायथॉनमध्ये आपोआप टेस्ट शोधणाऱ्या साधनांवर आमचा आक्षेप नेमका इथेच आहे.

आधी शोध कसा चालतो ते बघू. युनिटटेस्टला ही सोय २०१० साली, पायथॉन २.७ मध्ये मिळाली. ते 'टेस्ट'ने सुरू होणाऱ्या फाइली शोधतं, आणि ज्या उपफोल्डरात 'इनिट' फाइल नाही त्यात शिरतच नाही. पायटेस्टला नावाच्या सुरुवातीला 'टेस्ट' आणि अंडरस्कोर लागतो, किंवा शेवटी अंडरस्कोर आणि 'टेस्ट'. फाइल सापडली की ती इम्पोर्ट होते. म्हणजे हे नुसतं बघणं नाही. फाइलच्या वरच्या पातळीवर लिहिलेली प्रत्येक ओळ तिथल्या तिथे चालते. डेटाबेस उघडणारी ओळ असेल, तर एकही टेस्ट चालण्याआधी डेटाबेस उघडलेला असतो.

या पद्धतीचं श्रेय नाकारायचं नाही. पूर्वी टेस्टची यादी हाताने लिहावी लागे, आणि नवी टेस्ट त्यात घालायची राहून जाणं फार सोपं होतं. पण आता विसरण्याची जागा फक्त बदलली. फाइल इम्पोर्ट होताना मोडली, तर साधन ओरडून सांगतं. नाव चुकलं, तर ते गप्प बसतं. एकाच फाइलमध्ये एकाच नावाची दोन फंक्शनं लिहिली, तर पायथॉन दुसरं ठेवतो, पहिलं पुसतो. पहिली टेस्ट गेली, हे ही साधनं आपणहून सांगत नाहीत. मोठा दोष गप्प राहतो आणि लहान दोष गाजतो, ही उलटी रचना आम्हाला पटत नाही.

सुधारणा झालीच नाही असं नाही. एकही टेस्ट मिळाली नाही, तर पायटेस्ट पाच क्रमांकाचा कोड देऊन थांबतं. युनिटटेस्टने हे पायथॉन ३.१२ मध्ये, २०२३ साली स्वीकारलं. त्याआधी शून्य टेस्टवरही 'ओके' लिहून यायचं. पण चाळीसपैकी एक फाइल सुटली तर? निकाल हिरवाच.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच: निकालाच्या रंगाआधी आकडा वाचा. पायटेस्टला टेस्ट न चालवता फक्त गोळा करायला सांगता येतं. ती यादी कालच्या यादीशी ताडून बघा. आकडा घटला आणि कोणी मुद्दाम काही काढलेलं नसेल, तर बदल पुढे जाऊ देऊ नका. पगारपत्रक किंवा दवाखान्याची नोंद सांभाळणाऱ्या प्रणालीत सुटलेल्या टेस्टची किंमत शेवटी खिडकीपुढे रांगेत उभा असलेला माणूस भरतो.