रात्रीचा सिनेगॉग आणि शिसपेन्सिल

जुन्या इमारती रात्री रस्त्याकडेला बसून शिसपेन्सिलीने रेखाटण्याची हौस पुष्कळांना असते. इंग्लंडातल्या बर्मिंगहॅममध्ये अशा हौशी माणसाला विषयांचा तोटा नाही. १८३४ सालचा टाउन हॉल आहे, सेंट फिलिप्स कॅथीड्रल आहे, कालव्याकाठच्या विटांच्या जुन्या इमारती आहेत. आपल्या वाचकांना जवळची वाटेल अशीही एक वास्तू तिथे आहे, ती म्हणजे सिंगर्स हिलचा सिनेगॉग. तो १८५६ साली उघडला. म्हणजे भायखळ्याच्या मागेन दाविदपेक्षा पाच वर्षांनी आणि पुण्याच्या लाल देवळापेक्षा अकरा वर्षांनी थोरला. या एका इमारतीच्या निमित्ताने रात्रीच्या रेखाटनाचे गुणदोष पाहू.

आधी साधनाविषयी. शिसपेन्सिलीत शिसे नसते, ग्राफाइट असते. हे खनिज सोळाव्या शतकात इंग्लंडच्याच कंबरलंड भागात सापडले आणि लोकांनी ते शिसेच समजले. मराठीने ती चूक ‘शिसपेन्सिल’ या शब्दात जपली. हिब्रूनेही तेच केले, कारण ‘इपारोन’ हा शब्द ‘ओफेरेत’ म्हणजे शिसे यावरून आला. पुढे १७९५ साली फ्रान्समध्ये कॉन्टे याने ग्राफाइटच्या भुकटीत चिकणमाती मिसळून भाजण्याची कृती शोधली. माती जास्त घातली तर पेन्सिल कडक व फिकी होते, कमी घातली तर मऊ व काळी. शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्यांना एचबी, २बी, ६बी ही अक्षरे आठवत असतील. ती याच प्रमाणाची खूण.

आता रात्रीच्या चित्रातला पहिला दोष. नवखा माणूस सर्वांत मऊ पेन्सिल घेतो आणि आकाश घासून घासून काळे करतो. पण ग्राफाइट चकाकते. जितके दाबून घासावे तितका कागद चंदेरी होतो, आणि दिव्याखाली धरला की काळोखाच्या जागीच उजेड परततो. शिवाय शहराचे आकाश कधी काळे नसतेच. खालच्या दिव्यांनी ते राखाडी झालेले असते. जाणता चित्रकार आकाशाला मधली छटा देतो आणि खरा काळा रंग कमानीच्या आत, दाराच्या खोबणीत राखून ठेवतो. बोटाने पुसून गुळगुळीत करण्यापेक्षा बारीक रेघा शेजारी शेजारी देणे चांगले, म्हणजे कागदाचा पोत श्वास घेतो.

दुसरा दोष छायाचित्रावरून काढण्याचा. सिंगर्स हिलचा वास्तुकार येव्हिल थॉमसन. त्यानेच पुढे १८७४ ते १८७९ या काळात बर्मिंगहॅमचे कौन्सिल हाऊस बांधले. सिनेगॉग लाल विटांचा, कौन्सिल हाऊस फिक्या दगडाचे. आपल्या डोळ्यांची रीत अशी, की मंद उजेडात लाल रंग सर्वांत आधी काळवंडतो. त्यामुळे दिवे क्षीण असतील तेव्हा विटांची भिंत मागे सरते आणि भोवतीची दगडाची किनार, कमानी, वरची गोल खिडकी पुढे येतात. दुपारचा फोटो समोर ठेवून रात्र ‘चढवणाऱ्या’ माणसाला हे कळत नाही. तो सगळेच सारखे काळे करतो. एकाच माणसाच्या या दोन इमारती रात्री किती वेगळ्या दिसतात, हे तिथे उभे राहून पाहणाऱ्याच्याच कागदावर उमटते.

तिसरा दोष मला सर्वांत मोठा वाटतो. या प्रकारच्या बहुतेक चित्रांत खिडक्या काळ्या असतात आणि माणूस एकही नसतो. इमारत जितकी ओसाड तितके चित्र ‘भारदस्त’, असा समज झाला आहे. बर्मिंगहॅमच्या म्हाताऱ्या माणसांना काळ्या खिडकीचा वेगळाच अर्थ ठाऊक असे. युद्धाच्या काळात उजेड बाहेर दिसू नये म्हणून पडदे लावावे लागत. ७ नोव्हेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात सेंट फिलिप्स आतून जळाले, पण बर्न-जोन्सच्या रंगीत काचा आधीच काढून सुरक्षित ठेवल्या होत्या म्हणून वाचल्या. तेव्हा काळी खिडकी म्हणजे आत जपलेले जीव. माणसे नाहीत, असा तिचा अर्थ नव्हता.

थोरांनी हे कसे केले ते पाहावे. फ्रेंच चित्रकार जॉर्ज स्युरा याने १८८० च्या दशकात खरबरीत कागदावर काळ्या कॉन्टे खडूने संध्याकाळची आणि रात्रीची चित्रे काढली. तो खडू ग्राफाइटसारखा चकाकत नाही, हा त्याचा फायदा. पण शिकण्याची गोष्ट दुसरीच आहे. त्याने उजेड पांढऱ्या रंगाने क्वचितच चढवला. बहुतेक ठिकाणी तो न रंगवलेला कागद आहे. आणि काळोखात बहुधा कोणीतरी असते, चालणारी बाई किंवा दिव्याशी वाकलेला माणूस.

लंडनमध्ये व्हिस्लरने १८७० च्या दशकात थेम्स नदीची रात्र तैलरंगात रंगवली. त्याच्या चित्रातला बॅटरसीचा जुना लाकडी पूल पुढे पाडला गेला. व्हिस्लर रात्री रंग घेऊन बसत नसे. दृश्य नीट बघायचा, मग त्याकडे पाठ करून सोबत्याला ते तोंडपाठ सांगायचा, आणि घरी जाऊन आठवणीतून रंगवायचा. त्याच्या चित्रातही पुलावर माणसे आहेत, पुसट असली तरी.

ही आठवणीची पद्धत आपल्या दृष्टीने फार मोलाची आहे. सिनेगॉग खरा उजळतो तो एरेव शब्बाथला. त्या वेळी हाती पेन्सिल धरता येत नाही. लिहिणे हे मनाई असलेल्या एकोणचाळीस कामांपैकी एक, आणि चित्र काढणेही त्याच मनाईत येते. मग धर्म पाळणारा माणूस चित्र काढायला आठवड्यातल्या इतर रात्री जातो, जेव्हा दार बंद आणि दिवे मालवलेले. सिनेगॉगची रात्रीची चित्रे निर्जीव का असतात, त्याचे एक साधे कारण हे आहे. चित्रकाराने जिवंत रात्र पाहिलेली असते, पण काढलेली असते दुसरीच.

यावर दोन उपाय आहेत. एक व्हिस्लरचा. शुक्रवारी रात्री डोळे भरून पाहावे आणि शनिवारी हवदाला झाल्यावर आठवणीतून काढावे. दुसरा उपाय आपल्या पंचांगातच आहे. अश्केनाझी रिवाजात रोश हशानापूर्वीच्या स्लिखोत शनिवारी मध्यरात्रीनंतर सुरू होतात. तोवर शब्बाथ संपलेला असतो. आपण बेने इस्राएल तर एलूल महिन्यात पहाटेच्या अंधारात उठून स्लिखोतला जाणारे. त्या वेळी रस्ता काळोखात, आत दिवे लागलेले, दारातून माणसे शिरताहेत, आणि पेन्सिल धरायला कोणतीही मनाई नाही. रात्रीच्या रेखाटनासाठी याहून योग्य घटका कोणती?

हे सर्व आवर्जून लिहिण्याचे कारण आपल्या घरातले आहे. रेवदंडा, अलिबाग, पेण, पनवेल इथली आपली प्रार्थनामंदिरे नातवंडांनी पाहिलेली नाहीत. इस्राएलमध्ये किंवा इंग्लंडमध्ये वाढलेली ही मुले उद्या फोटो पाहून ती काढतील, आणि रात्र रम्य दिसते म्हणून रात्रीची काढतील. खिडक्या काळ्या केल्या तर चित्र सांगेल की इथे कोणी नव्हते. आपल्या पूर्वजांना कोकणात शनवार तेली म्हणत. सहा दिवस घाणा चालवून तेल गाळणारे आणि सातव्या दिवशी तो थांबवणारे ते लोक. ज्यांच्या तेलाने गावचे दिवे लागले, त्यांच्याच प्रार्थनामंदिराची खिडकी अंधारी दाखवावी, हे मला पटत नाही.

तेव्हा घरात कोणी चित्र काढणारे असेल तर त्याला शेजारी बसवून सांगा, हज्जान कुठे उभा राहत असे, हेखालसमोरचा दिवा कुठे टांगलेला असे, कोणत्या खिडकीतून उजेड अंगणात पडत असे. भिंती, छप्पर, झाडे तो फोटोवरून काढू शकेल. खिडकीच्या जागी मात्र पेन्सिल लावू नकोस, कागद तसाच पांढरा ठेव, एवढे त्याला बजावा. आत कोण कोण होते, हे तुम्हालाच ठाऊक आहे.