‘कॅन्सल’ उशिरा पोहोचते तेव्हा

इंटरनेटवरून फोन लावताना यंत्रे आपापसांत बहुधा ‘सिप’ ही भाषा बोलतात. तिची आजची संहिता, आरएफसी 3261, जून 2002 मधली. अडीचशेच्या वर पाने आणि मूळ विनंत्या मात्र सहाच: इन्व्हाइट, ॲक, बाय, कॅन्सल, रजिस्टर, ऑप्शन्स. शेवटच्या दोघी कामसू आहेत. एक आपला ठावठिकाणा नोंदवते, दुसरी समोरच्याची कुवत विचारते. नाट्य आहे ते पहिल्या चौघींत.

संहितेतली पात्रे ॲलिस आणि बॉब. ॲलिसची इन्व्हाइट जाते, बॉबकडून 180 येतो, म्हणजे घंटी वाजते आहे. त्याने फोन उचलला की 200. झाले की जमले! पण सिपचे एवढ्यावर समाधान नाही. फोन उचलायचा तो माणसाने, आणि त्याला किती वेळ लागेल याचा नेम नाही. म्हणून फक्त इन्व्हाइटसाठी तिसरी पायरी ठेवली आहे. ॲलिसने ॲक धाडायची. ॲकला उत्तर नाही. पोचेचीही पोच मागत बसले तर बोलायचे कधी? ॲक आलीच नाही तर बॉबचे यंत्र 200 पुन्हा पाठवते, आधी अर्ध्या सेकंदाने, मग अंतर दुप्पट करत 4 सेकंदांपर्यंत. 32 सेकंदांनी आशा सोडते आणि बाय म्हणते.

या सहा विनंत्यांत भरही पडत गेली. कॉल दुसरीकडे सोपवणारी रेफर नेटकी आहे. इन्फो मात्र मला कधीच आवडली नाही: काहीही कोंबायची पिशवी. तिला शिस्त लावायला 2011 साल उजाडले.

माझी आवडती कॅन्सल: फोन उचलला जाण्याआधीच इन्व्हाइट मागे घेणारी. निदान 180 सारखे एखादे तात्पुरते उत्तर आल्याशिवाय तिला निघायची परवानगी नाही, नाहीतर ती इन्व्हाइटच्याच आधी पोहोचायची. तिला 200 मिळतो, पण तो केवळ ‘निरोप पोचला’ एवढ्यापुरता. मूळ इन्व्हाइटला वेगळा 487, म्हणजे ‘विनंती संपवली’, येतो आणि त्यालाही ॲक द्यावी लागते. आणि नेमका त्याच क्षणी बॉबने फोन उचलला असेल तर? त्याचा 200 आधीच वाटेला लागलेला, कॅन्सल वाया. आता ॲलिसच्या यंत्राने काही घडलेच नाही असा आव आणायचा नाही. आधी ॲक देऊन नको असलेला कॉल रीतसर जुळवायचा, मग बाय पाठवून तो रीतसर तोडायचा. या सगळ्याचा बॉबला पत्ता नसतो. तो ‘हॅलो, हॅलो’ करत राहतो.