मटिल्डा ऐकते कधी?

रोआल्ड डाल यांची ‘मटिल्डा’ १९८८ची. रॉयल शेक्सपिअर कंपनीने २०१० साली स्ट्रॅटफर्डला तिचं संगीत नाटक केलं. संहिता डेनिस केली यांची, गाणी टिम मिंचिन यांची. गाणी झकासच आहेत, त्यावर वाद नाही. आमची अडचण वेगळी. पुस्तकात मिस हनी आपली कर्मकहाणी सांगतात, मटिल्डा ऐकते आणि मग फक्त तीन नावं विचारते: घरात कोण कुणाला काय म्हणायचं? बघा, दुसऱ्याचं दुःख तिला विचारून घ्यावं लागतं. नाटकात मात्र ग्रंथपालबाईंना ती जी गोष्ट रचून सांगते, बेड्यांतून सुटणारा जादूगार आणि कसरत करणारी त्याची बायको, तीच मिस हनींच्या आईवडिलांची निघते. प्रेक्षागृहात हा धक्का जबरदस्त बसतो, कबूल. पण त्यापायी मिस हनींची झोपडी, जिथे ऐकणं घडायचं, ती नुसती पडताळणीची जागा होऊन बसते.