कॅमेऱ्याकडे बघा म्हणे!

ऑनलाइन मुलाखतीची तयारी कशी करावी, याच्या पुस्तिका आता अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांत मिळतात. वर्षभरात मी अशा सहा-सात वाचल्या आणि प्राध्यापकपदासाठी तीन मुलाखती दिल्या. पहिल्या दोन फसल्या. तेव्हा या पुस्तिकांबद्दल बोलायचा थोडा अधिकार मला आहे.

त्यांतलं निम्मं बरोबरच असतं. उजेड समोरून हवा, वाय-फायपेक्षा केबल बरी, लॅपटॉप डोळ्यांच्या उंचीवर हवा. माझा लॅपटॉप पिठाच्या डब्यावर पोळपाट आणि पोळपाटावर, असा बसतो. शिवाय आईला आधी बजावून ठेवावं लागतं, कारण डिसेंबरात शिकागोत सकाळचे दहा म्हणजे सांगलीत रात्रीचे साडेनऊ, आणि तीच तिची व्हॉट्सॲपची वेळ. (हे कुठल्याच पुस्तिकेत नाही.)

माझा खरा आक्षेप 'कॅमेऱ्यात बघून बोला' या सल्ल्यावर आहे. त्या ठिपक्याकडे बघितलं की समोरच्याला वाटतं, ही माझ्या डोळ्यांत बघतेय. पण मला तो दिसत नाही त्याचं काय? कुणाची मान हलली, कुणाच्या कपाळाला आठी पडली, हे सगळंच हातचं जातं. पहिल्या मुलाखतीत मी इमानेइतबारे ठिपक्याकडे बघत मुळांभोवतीच्या जिवाणूंवर सहा मिनिटं बोलले. नजर खाली आणली तर समितीतल्या एका बाईंचा हात वर होता. किती वेळ होता कोण जाणे.

दुसरी गोष्ट शांततेची. समोरासमोरच्या प्रश्नोत्तरांत प्रश्न संपून उत्तर सुरू व्हायला सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. दहा भाषांची तुलना करणाऱ्या २००९ सालच्या एका अभ्यासात हे दिसलं होतं. एवढं बारीक अंतर नेटवर्कच्या दिरंगाईत आणि म्यूटच्या बटणात कुठल्या कुठे हरवतं. दुसऱ्या मुलाखतीत माझं उत्तर संपलं आणि पलीकडे सामसूम. मला वाटलं, आवडलं नाही. म्हणून मी चांगल्या उत्तराला शेपट्या जोडत गेले आणि अखेर स्वतःचाच मुद्दा पातळ करून टाकला. मग आवाज आला, "सॉरी, मी म्यूटवर होतो." एकाही पुस्तिकेने या शांततेबद्दल सावध केलं नव्हतं. उलट एकीत लिहिलं होतं की आपलं हसू नीट आहे ना, ते अधूनमधून स्वतःच्या चौकटीत तपासावं! स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१च्या लेखात व्हिडिओ-बैठकींच्या थकव्याची जी चार कारणं मांडली, त्यांत स्वतःचा चेहरा सतत दिसणं हे एक आहे. मी ती चौकट आता लपवूनच ठेवते.

'आम्ही नको, मी म्हणा' हा सल्ला मात्र मला पटला. पटला, पण जिभेवर येत नाही. आपल्याच तोंडाने आपलं कौतुक करणाऱ्याकडे आपल्या घरांत कसं बघतात, ते तुम्हांला ठाऊक आहेच.

पडद्यावरच्या मुलाखतींना सरसकट नावं मात्र ठेवणार नाही. माझ्या अर्थशास्त्रातल्या मैत्रिणीला पूर्वी पहिल्या फेरीसाठी जानेवारीतल्या अधिवेशनाला जाऊन हॉटेलच्या खोल्यांत मुलाखती द्याव्या लागल्या होत्या, तिकीट पदरचं. २०२०पासून ती फेरी ऑनलाइन गेली. तो खर्च वाचणं ही लहान गोष्ट नाही.

पण या पुस्तिका कुणासाठी लिहिल्या आहेत, ते शेवटच्या पानावर कळतं. 'तुमचे काही प्रश्न?' असं विचारलं तर काय विचारावं, याची तिथे लांबलचक यादी असते. व्हिसाचा उल्लेख नाही. जे-१वर संशोधकाला जास्तीत जास्त पाच वर्षं मिळतात. माझी ऑगस्टमध्ये संपतात. नव्या नोकरीचे कागद तोवर होतील का, हे पहिल्या फेरीत विचारावं की दुसऱ्या, यावर पुस्तिका गप्प.

तिसऱ्या मुलाखतीआधी प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्याने माझी दोनदा तालीम घेतली. उत्तर दोन मिनिटांचं, शेवटी 'इथे थांबते' असं स्पष्ट म्हणायचं आणि मग तोंड बंद. तसंच केलं. एकदा शांतता इतकी लांबली की मी मनात सात आकडे मोजले. मग एक प्रश्न आला, आणि तो चांगला होता. व्हिसाचंही मी विचारलं. समितीच्या अध्यक्षांनी ते लिहून घेतलं. निकाल अजून आलेला नाही.