घरांतील लेखनशिक्षण : तीन पुस्तकांची साक्ष

मुलांस भाषा शाळा शिकविते, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. मराठी गद्याचा इतिहास मात्र या समजुतीस पुरता दुजोरा देत नाहीं. रमाबाई रानडे यांचें ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ (1910), लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ (1934 पासून) आणि साने गुरुजींची ‘श्यामची आई’ (1935) या तिन्ही पुस्तकांची भाषा मुख्यतः घरांत घडलेली आहे. ती कशी घडली, हें पाहणें उद्बोधक आहे.

1873 सालीं अकरा वर्षांच्या रमाबाई न्यायमूर्तींच्या घरीं आल्या, तेव्हां त्यांस अक्षरओळख नव्हती. घरांतील वडील स्त्रियांचा रोष पत्करून त्यांचा अभ्यास नेमानें चालला. त्या नेमाची छाप त्यांच्या लेखनावर आहे. वाक्य नीटस, सूर संयमी, प्रसंगांची मांडणी स्वच्छ. परंतु जेथें मन दुखावलें असेल तेथें लेखणी अदबीनें मागें सरते. शिस्त भाषेला घडी देते, तशी ती कधीं कधीं तोंडही बांधते.

लक्ष्मीबाईंचें शिक्षण याच्या उलट. टिळकांच्या लहरीप्रमाणें होणारें. त्यांच्या वाक्यांत बोलण्याचा ठसका जसाच्या तसा उतरला आहे आणि स्वतःवर हंसण्याची त्यांना भीति वाटत नाहीं. यावरून अव्यवस्था हाच उत्तम गुरु, असें अनुमान मात्र कोणी काढूं नये. ज्या घरांत कविता बोलण्याइतकी सहज होते, त्या घरांत त्या वावरल्या, हें त्याचें खरें कारण होय.

साने गुरुजी पदवीधर खरे. पण 1933 च्या फेब्रुवारींत नाशिकच्या तुरुंगांत अवघ्या पांच दिवसांत लिहिलेलें हें पुस्तक पंडिताचें नाहीं, गोष्ट सांगणाऱ्याचें आहे. समोर श्रोते आहेत, या जाणिवेनें त्याचें प्रत्येक वाक्य सोपें झालें आहे. त्याचा दोषही सांगितला पाहिजे. पाहिलेली गोष्ट पुरती दिसण्याआधींच बोध पुढें येतो, आणि शाळेंतल्या निबंधांनीं नेमका हाच दोष उचलला आहे.

आज हा प्रश्न केवळ रसिकतेचा राहिलेला नाहीं. परळच्या भोईवाड्यासारख्या वस्तींत 1982 च्या संपानंतर गिरण्यांचें जग मोडलें, आणि त्या घरांतील पुष्कळ नातवंडें आतां इंग्रजी शाळेंत जातात. त्यांच्या मराठीस शाळेंत एका विषयापुरतीच जागा उरते. आईबाप तयार निबंधांचें पुस्तक आणून देतात. मूल तें पाठ करतें. आणि स्वतःच्या घराविषयीं चार ओळी लिहावयास सांगितल्या कीं अडतें.

अशा घरीं आजीनें गांवाकडील नातलगांस पत्र सांगावें, नातवानें तें लिहावें आणि मोठ्यानें वाचून दाखवावें. “मी असें नव्हतें रे म्हटलें,” असें आजी म्हणाली, कीं लेखनाचा पहिला धडा झाला. ऱ्हस्वदीर्घाची लाल शाई त्यानंतर येऊं द्यावी. आधीं आली तर मूल चूक टाळावयास शिकेल, सांगावयास शिकणार नाहीं. न्यायमूर्तींचा नेम आणि टिळकांच्या घरची मोकळीक एकत्र आणावयाची असेल, तर एका खोलीचें बिऱ्हाडही त्यास पुरेसें आहे. मात्र रोज अर्धा तास तेथें कोणीतरी ऐकावयास बसलें पाहिजे.